पीईआय की लिपिड नॅनोकण?

नाशिकला एम.एस्सी. बायोटेक करणारी भाची प्रोजेक्टवर अडली आहे. मज्जारज्जूच्या पेशींत जनुक पोचवायचं, पण विषाणूविना. मग पीईआय (पॉलिइथिलीनइमाइन हे पॉलिमर) घ्यावं की लिपिड नॅनोकण, म्हणजे स्निग्ध पदार्थांचे अतिसूक्ष्म कण?

खर्चात पीईआय सरळ जिंकतं. जनुक पोचवायला 1995 पासून वापरात असलेलं हे पॉलिमर धनभारित आहे. ऋणभारित डीएनएत मिसळलं की दोन्ही आपोआप चिकटतात. लिपिडला बहुधा चार घटक, नेमकं मिश्रण आणि थंडावा लागतो. (एप्रिलमध्ये वीज गेली तर फ्रीझरचं काय, हे तिनं आधी बघावं.)

खरी गोम विषारीपणात आहे. 25 किलोडाल्टन (रेणूचं वजन मोजायचं एकक) वजनाचं पीईआय पेशीपटलांना इजा करतं, आणि मज्जारज्जूतला मेलेला न्यूरॉन (चेतापेशी) परत येत नाही. नव्या लिपिडांवर रक्ताच्या पीएचला जवळपास भारच नसतो; पेशीच्या आतल्या आम्लात तो येतो. 2018 मध्ये मान्यता मिळालेलं पॅटिसिरान हे औषध याच तंत्राचं, पण ते यकृतात पोचतं. अशा नॅनोकणांच्या जाहिरातीत मात्र मज्जारज्जूही सोपा वाटतो!

न्यूरॉन विभागत नाहीत, त्यामुळे प्लास्मिड (जनुक वाहून नेणारं डीएनएचं कडं) केंद्रकात शिरणं दोन्हींत अवघडच. एमआरएनएला (जनुकाच्या संदेशाची प्रत) केंद्रक लागत नाही, मात्र परिणाम थोड्या दिवसांचा.

डिशमधल्या पेशी आणि बेताचं बजेट असेल तर पीईआय. प्राण्याच्या मज्जाद्रवात एमआरएनए द्यायचं असेल तर लिपिड.