विमानाचे पॉइंट सांभाळणारं ॲप: ॲप चांगलंय, विमान कंपन्याच दार उघडत नाहीत

आमच्या ऑफिसात तिकिटांचं सगळं काम माझ्याकडे आहे. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना, माल एक्स्पोर्टचा, त्यामुळे जानेवारीत फ्रँकफर्टचं हाइमटेक्स्टिल प्रदर्शन ठरलेलं आणि मधेअधे दुबई, सिंगापूर. विमानानं फिरलं की कंपनी पॉइंट देते (काही कंपन्या त्याला माइल्स म्हणतात), त्यातनं पुढं तिकीट काढता येतं. अण्णांचे (म्हणजे आमचे मालक) पॉइंट लुफ्तान्साकडे वेगळे, एमिरेट्सकडे वेगळे, सिंगापूर एअरलाइन्सकडे वेगळे, एअर इंडियाच्या महाराजा क्लबात वेगळे, त्यात धाकट्या मालकांची खाती अजून निराळी. मुदतीचा हिशोब तर विचारूच नका, एमिरेट्सचे माइल्स तीन वर्षं टिकतात पण संपतात ते ज्याचं खातं त्याच्या वाढदिवसाच्या महिन्याअखेरीला, आणि क्रिसफ्लायरचे (म्हणजे सिंगापूर एअरलाइन्सचे) मिळाल्यापासून 36 महिन्यांनी. हे डायरीत लिहून कोण किती दिवस सांभाळणार?

म्हणून हे ॲप घेतलं. असली चार-पाच ॲप मिळतात आणि सगळ्यांची पद्धत साधारण एकच, म्हणून नाव लिहीत नाही, जे लिहितोय ते कुठल्याही ॲपला लागू पडेल. एकदा सगळ्या खात्यांचे नंबर-पासवर्ड भरले की एका स्क्रीनवर सगळं दिसतं, कुठं किती पॉइंट, कुठले कधी संपणार, मुदत जवळ आली की आधी मेल येतो. हे काम ते लई भारी करतं, त्यात वादच नाही. अण्णा टेबलापाशी येऊन "बघ रे, फ्रँकफर्टचं होतंय का पॉइंटात" म्हणाले की मी दोन मिनिटांत सांगू शकतो.

अडचण पुढं आहे. एका मोठ्या एअरलाइनची ओळ एक दिवस करड्या रंगाची झाली, बाजूला लाल त्रिकोण, खाली "शेवटचं अपडेट" म्हणून जुनीच तारीख. रिफ्रेश दाबलं की ॲप त्यांच्या साइटवर लॉगिन करायला जातं, तिकडून ओटीपी सुटतो तो अण्णांच्या मोबाइलवर, अण्णा डाईंगच्या खात्यात आणि मोबाइल केबिनच्या ड्रॉवरमध्ये. कुणीतरी पळत जाऊन ओटीपी आणेपर्यंत वेळ संपलेली असते. आता त्या ओळीत आकडा हातानं भरायचा. हातानंच भरायचा तर पैसे देऊन ॲप कशाला घ्यायचं?

यात ॲपवाल्यांचा दोष मला फार दिसत नाही. विमान कंपन्यांना बाहेरच्या कुणी खात्यात डोकावलेलं नकोय आणि हे आजचं नाही. अमेरिकेत अवॉर्डवॉलेट नावाची अशीच पॉइंट सांभाळणारी जुनी सर्व्हिस आहे, तिला 2011-12 च्या सुमारास अमेरिकन एअरलाइन्स, डेल्टा, साउथवेस्ट अशा बड्या कंपन्यांनी आमच्या खात्यातली माहिती उचलू नका म्हणून थांबवलं. मग 2022 च्या जानेवारीत अमेरिकन एअरलाइन्स आणि द पॉइंट्स गाय (पॉइंटांबद्दल लिहिणारी वेबसाइट) यांचं त्या वेबसाइटच्या पॉइंट दाखवणाऱ्या ॲपवरनं थेट कोर्टात भांडण लागलं, दोघांनी एकमेकांवर दावे टाकले.

कंपन्यांचं सुरक्षेचं म्हणणं मला अर्धं पटतं. पासवर्ड तिसऱ्याच्या हातात देणं धोक्याचं आहेच, पॉइंट चोरून तिकिटं काढणारे लोक आहेत आणि खात्यात नुसते पॉइंट नसतात, पासपोर्ट नंबर, जन्मतारीख, घरच्यांची नावं सगळं असतं. पण मग पासवर्ड न देता नुसता आकडा बघायची सोय तुम्ही का करून देत नाही, याचं उत्तर कुणी देत नाही. मला वाटतं खरी गोष्ट अशी की गिऱ्हाईक आपल्याच साइटवर यावं, ऑफर बघाव्यात, पॉइंट विकत घ्यावेत, दुसऱ्या कंपनीशी शेजारी ठेवून तुलना करू नये.

आणि असं करता येत नाही असं कुणी सांगू नये. बँकांचं बघा. अकाउंट ॲग्रीगेटर म्हणजे आपल्या परवानगीनं एका बँकेतली माहिती दुसरीकडे पोचवणारी मधली कंपनी. त्याची चौकट रिझर्व्ह बँकेनं 2016 मध्ये आखली आणि 2021 च्या सप्टेंबरपासून ती चालू आहे. आमच्या मशिनरीच्या कर्जाच्या वेळी बँकेचं स्टेटमेंट त्याच वाटेनं गेलं. कुठली माहिती, कशासाठी, किती दिवस, हे स्क्रीनवर लिहून येतं, आपण हो म्हणायचं, नको झालं की परवानगी काढून घ्यायची. पासवर्ड कुणालाच द्यावा लागत नाही आणि मधला ॲग्रीगेटर ती माहिती वाचूसुद्धा शकत नाही. लाखोंच्या उलाढालीचा हिशोब जर असा पाठवता येतो तर पॉइंटच्या एका आकड्याला एवढं कुलूप कशाला?

कायद्याचाही इथं फारसा आधार नाही. युरोपात 2018 पासून आपली माहिती एका कंपनीकडून दुसरीकडे न्यायचा हक्क आहे. आपल्याकडं वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या 2019 च्या विधेयकात तो होता, 2023 च्या कायद्यात राहिला नाही. आपली माहिती बघायचा, दुरुस्त करायचा, पुसायचा हक्क त्या कायद्यात लिहिलाय, न्यायचा नाही. सोलापुरातनं 2025 मध्ये गोव्याची आणि मग मुंबईची विमानं सुरू झाली, इथली माणसं आता जास्त उडणार, पॉइंट साठवणार, त्यांना हा प्रश्न येणारच आहे.

रेटिंग 5 पैकी 3 देतोय. कापलेले दोन विमान कंपन्यांमुळं गेलेत, पण वापरणाऱ्याला त्रास तोच होतो. फुकटचं व्हर्जन आधी वापरून बघा, तुमच्या कंपन्या त्यात चालतात का ते बघूनच पैसे भरा. मुदतीच्या आठवणीसाठी नक्की घ्या, हातानं आकडा भरला तरी ते काम होतं. पासवर्ड सर्व्हरवर न ठेवता आपल्याच मोबाइलवर ठेवायचा ऑप्शन असेल तर तोच निवडा, मेलचा आणि पॉइंटच्या खात्याचा पासवर्ड एक ठेवू नका आणि ज्याच्या नावावर खातं आहे त्याला विचारल्याशिवाय काही भरू नका, आम्ही अण्णांना समोर बसवूनच सगळं भरलं.