फॅमिलीसर्च : मॉर्मन चर्चची फुकट वंशावळ-सेवा बडोदेकरांच्या कितपत कामाची?

घरात कुलवृत्तांत असतो, पण त्याच्या छपाईनंतर जन्मलेली माणसं त्यात नसतात. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी घरांची ही नेहमीची अडचण. ती भर घालायला फॅमिलीसर्च उत्तम. जुनी माहिती शोधायला मात्र बेताचंच.

सेवा फुकट का, हे आधी कळलेलं बरं. जोसेफ स्मिथ यांनी 6 एप्रिल 1830 रोजी न्यूयॉर्क राज्यात हे चर्च स्थापलं आणि 1840 साली इलिनॉय राज्यातल्या नॉवू गावी मृतांच्या वतीने जिवंतांनी बाप्तिस्मा घेण्याचा विधी सांगितला. त्यासाठी पूर्वजांची नावं शोधणं आलं. पुढे बरेच अनुयायी विधिपूर्वक चर्चच्या पुढाऱ्यांना दत्तक जाऊ लागले. एप्रिल 1894 मध्ये अध्यक्ष विल्फर्ड वुडरफ यांनी ते थांबवलं : आपापल्या आईबापांशीच नातं जोडा, आणि जमेल तितक्या पिढ्या मागे जा. त्याच नोव्हेंबरात युटाची जीनियॉलॉजिकल सोसायटी, म्हणजे वंशावळ-संस्था, निघाली. आजची सेवा तिचीच वारस. 1938 पासून मायक्रोफिल्म, 1999 मध्ये संकेतस्थळ, आणि 2021 पर्यंत सुमारे 24 लाख रिळांचं डिजिटायझेशन.

म्हणून इथे काहीही भरण्याआधी लक्षात ठेवा : मृत व्यक्तींची पानं सामायिक असतात आणि चर्चचे सभासद त्यांतल्या नावांसाठी असे विधी करू शकतात. नियमाने ते फक्त स्वतःच्या पूर्वजांसाठी करायचे, पण तो नियम मोडला गेल्याची उदाहरणं आहेत. नाझींनी मारलेल्या ज्यूंच्या नावांवरून वाद झाला आणि 1995 मध्ये चर्चला ज्यू संस्थांशी करार करावा लागला. हे ज्यांना खटकतं त्यांनी आपली वंशावळ दुसरीकडे ठेवावी.

शोधाचं म्हणाल, तर आडनाव टाकून फारसं काही लागत नाही. भारताच्या जन्म-विवाह-मृत्यूच्या ज्या नोंदींना सूची आहे, त्या मुख्यतः ख्रिस्ती नोंदवह्यांतल्या. आपल्या उपयोगाचा संग्रह म्हणजे ‘हिंदू पिलग्रिमेज रेकॉर्ड्स’, मुख्यतः हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या. पण त्याला नावांची सूची नाही. पान-पान उलटावं लागतं. शोधताना बडोदा नव्हे, मूळ गाव धरा, कारण पंडे यजमान गावावरून ओळखतात. विक्रम संवतातून साधारण 57 वजा केले की इसवी सन मिळतो. घरच्या कागदांत शके असेल तर 78 मिळवा. नोंदीशेजारच्या कॅमेऱ्याच्या चिन्हावर किल्ली दिसली तर ते पान घरबसल्या उघडेलच असं नाही. काही पानं फक्त त्यांच्या केंद्रांत दिसतात.

वंशावळीचं झाड भरताना आपल्याकडचे घोळ दोन. पहिला सासरच्या नावाचा. बाईचं मुख्य नाव माहेरचं ठेवा आणि लग्नानंतरचं ‘इतर नावां’त टाका. उलट केलंत की तिच्या आईबापांचा धागा तुटतो आणि तीच बाई दुसऱ्या कुणाकडून दुसऱ्यांदा भरली जाते.

दुसरा दत्तकाचा, आणि बडोद्याला तो समजावून सांगायला नको. सयाजीराव तिसरे 1863 साली कवळाण्यात गोपाळराव म्हणून जन्मले आणि 1875 मध्ये महाराणी जमनाबाईंच्या मांडीवर दत्तक बसले. अशा माणसाला दोन्ही आईबाप जोडा आणि प्रत्येक नात्याचा प्रकार निवडा, जन्मदाते की दत्तक. प्रकार कोरा सोडला तर पुढचा नातलग एक जोडी ‘चूक’ समजून काढून टाकतो. सामायिक झाडाचा हाच खरा ताप : मृतांच्या पानात कुणीही बदल करू शकतो. कुणी काय बदललं ते बदलांच्या यादीत दिसतं आणि परत फिरवताही येतं, पण नजर आपल्यालाच ठेवावी लागते. पुरावा म्हणून कुलवृत्तांताच्या पानाचा फोटो जोडला की हात लावणारा जरा थबकतो.

जिवंतांची पानं सर्वांना दिसत नाहीत, ही जमेची बाजू. मात्र झाड थेट जेडकॉम फाइल (वंशावळीच्या प्रोग्रामांना चालणारी सामायिक फाइल) म्हणून उतरवता येत नाही. रूट्समॅजिकसारखा प्रोग्राम संगणकावर घालून त्यात ओढून घ्यावं लागतं. ते पहिल्या पन्नासेक नावांनंतरच करून टाका.