मोकळा पण शांत सायलेन्सर: बॅफल, आरपार की झडपवाला?

रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची नवी सेटिंग) झाला, फिल्टर बदलला, डाउनपाइप (टर्बोला लागूनची धुराची नळी) मोठा झाला आणि आता मागचा सायलेन्सर तेवढा उरलाय, अशा टप्प्यावर आलेल्यांसाठी हे लिहितोय. गाडीचा श्वास मोकळा हवा, पण सोसायटीने वॉचमनकरवी निरोप पाठवू नये इतकी ती गपही हवी. माझी गाडी फियाट लिनिया टी-जेट, १३६८ सीसी, रांजणगावच्या कारखान्यातून निघालेली. स्टेज वन, म्हणजे पहिल्या पायरीचा रिमॅप आहे, कॅट-कॉन (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) जागच्या जागी आहे. पोलो किंवा ऑक्टाव्हिया टीएसआयवाल्यांनी थोडं इकडेतिकडे करून वाचावं.

टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर टर्बाइन फिरवून इंजिनात जास्त हवा कोंबणारं यंत्र. टर्बोवाल्यांना एक फायदा आयता मिळतो. टर्बाइनच्या पात्यांतून जाताना धुराचे ठोके बरेचसे मोडतात, त्यामुळे साध्या इंजिनावर बोंबलणारा सायलेन्सर टर्बोवर निम्मा सभ्य वाटतो. दुसरं म्हणजे टर्बाइनच्या मागे दाब जितका कमी, तितकी ती लवकर फिरते. गॅरेजमध्ये कुणीतरी ‘थोडं बॅकप्रेशर (म्हणजे हाच मागचा दाब) लागतंच रे’ म्हणणार. त्याला चहा पाजायचा आणि पुढच्या कामाला लागायचं.

बॅफलवाल्यापासून सुरुवात करू. कंपनीच्या सायलेन्सरची ही मोठ्या पोटाची आवृत्ती. आत पत्र्याचे कप्पे, आणि वायू वळसे घेत एकातून दुसऱ्यात जातो. खालचे जाड सूर हा फार छान मारतो. आत जळून जाण्यासारखं भरण नसल्याने त्याचा आवाज वर्षानुवर्षं फारसा बदलत नाही. मी एका मित्राचा उसना आणून काही आठवडे वापरला. घरच्यांना काही बदललंय हे कळलंही नाही. पण साडेचार हजारांच्या पुढे गाडी जरा गुदमरल्यासारखी वाटायची. डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) नेली नाही, तेव्हा हे माझ्या पाठीचं मोजमाप समजा. खंबाटकीच्या चढावर ट्रकमागे अडकून पुन्हा वेग घ्यायचा तेव्हा याच्यासोबत तिसरा टाकावा लागायचा. आरपारवर ती चौथ्यातच सावकाश उचलते. रोज कात्रज ते हिंजवडी एवढंच ज्याचं जग आहे, त्याने खरंतर इथेच थांबायला हरकत नाही.

आरपार म्हणजे एका तोंडाला डोळा लावला की दुसऱ्या तोंडाचा उजेड दिसतो तो. मध्ये जाळीची नळी, भोवती ग्लासवूल, बाहेर स्टीलचं कवच. वायूला वळायला लागत नाही, त्यामुळे बूस्ट (टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब) लवकर भरतो आणि पायाखाली ते लगेच जाणवतं. भरण वरचे कर्कश सूर शोषतं. खालचे सूर शोषायचे तर भरण जाड लागतं, आणि आपल्याकडे डिकीखाली जागा किती असते ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून बारीक गोल डबा दिसायला छान असला तरी घेऊ नका. लांब, लंबगोल, अंगाने भरलेला घ्या, आणि मधल्या नळीवर एक छोटा रेझोनेटर (काही सूर दाबणारा जास्तीचा डबा) ठेवा.

एवढं करूनही एक गोष्ट उरते, आणि माझा निर्णय तिनेच केला. ड्रोन, म्हणजे ठरावीक वेगाला गाडीत सतत चालणारं घुमणं.

चार सिलिंडरचं इंजिन एका फेरीत दोनदा पेटतं. म्हणजे २७०० आरपीएमला सेकंदाला ९० ठोके. पाचव्या गिअरमध्ये शंभरच्या आसपास माझी गाडी साधारण याच पट्ट्यात असते, आणि नेमका हाच सूर डिकीला आवडतो. सेडानची बंद डिकी म्हणजे मागे बांधलेला ढोल. किवळ्याला एक्स्प्रेसवे लागला की घुमणं सुरू, ते लोणावळ्याचा घाट येईपर्यंत. घाटात आरपीएम वरखाली होतात म्हणून सुटका. आवाज मोठा नसतो, गंमत ती आहे. फोनवरच्या मीटरमध्ये काही विशेष दिसत नाही. पण मागच्या काचेखालचा ट्रे झिणझिणतो, आरशातली मागची गाडी किंचित पुसट होते, आणि गाणं लावलं तर डग्गा ऐकूच येत नाही, कारण ती जागा आधीच व्यापलेली असते. बायकोला वाटलं एसीचा पंखा बिघडलाय. “अरे, हे बंद होतं का?” खोपोली यायच्या आत डोकं जड.

गॅरेजमध्ये उभ्या गाडीला रेस करून ऐकवतात, त्यात यातलं काहीही कळत नाही. कुठलाही सायलेन्सर घ्या, आधी नुसते टॅक (वेल्डिंगचे तात्पुरते ठिपके) मारून घ्या, पाचव्या गिअरमध्ये लांब चक्कर मारून या आणि मगच पक्कं वेल्डिंग करायला सांगा. चांगला फिटर याला नाही म्हणत नाही.

ड्रोनवर माझ्याकडे लागू पडलेला उपाय म्हणजे जे-पाइप. मुख्य नळीतून बाजूला फुटणारी आणि दुसऱ्या टोकाला बंद केलेली नळी. आवाजाची लाट आत जाते, बंद टोकावर आपटून उलटी येते आणि मुख्य नळीतल्या त्याच सुराला खाऊन टाकते. तिची लांबी त्या लाटेच्या पाव हवी. गरम धुरात ९० ठोक्यांसाठी ती सव्वा मीटरच्या आसपास येते, म्हणून वाकवून गाडीखाली बसवावी लागते. वायूच्या वाटेत काहीच आडवं येत नाही, त्यामुळे मोकळेपणा तसाच राहतो. माझी थोडी लांब ठेवून, चालवून पाहून, कापत कापत बसवली. आता शंभरला डग्गा ऐकू येतो. उणीव एवढीच, की ती एकाच पट्ट्यावर काम करते. घाट चढून धूर जास्त तापला की हा पट्टा थोडा वर सरकतो आणि काही मिनिटं घुमणं परत येतं. मला चालतं. तुमची गाडी शंभरला वेगळ्या आरपीएमवर असेल तर लांबीचं गणित वेगळं, माझा आकडा उचलू नका.

झडपवाला सायलेन्सर ऐकायला सगळ्यात शहाणा. रिमोटवर झडप बंद केली की धूर कप्प्यांतून, उघडली की सरळ. पहाटे पाचला पार्किंगमधून निघणाऱ्याला याच्याइतकं सुख दुसऱ्यात नाही, हे मान्य. पण खर्च साध्या आरपारच्या दुपटीला सहज जातो, आणि गाडीखाली, चिखलापाण्यात आणि त्या उष्णतेत एक हलता भाग वाढतो. ओळखीतल्या एका गाडीवर पावसाळ्यानंतर झडप अर्धवट अडकली, आणि सिग्नलला न्यूट्रलमध्ये टकटक यायला लागली. सगळ्यांचं असं होईल असं नाही. माझ्या स्वभावाला मात्र ते जमणार नाही. शिवाय उघडल्यावर ड्रोन आहेच.

कायद्याचंही पाहून घ्या. आवाजाच्या मर्यादेबाहेर गेल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बुलेटचे सायलेन्सर रोडरोलरखाली घातल्याचे फोटो आपण पेपरात पाहिले आहेतच. हवालदार रिमोट कुठल्या बटणावर होता ते विचारत बसणार नाही. कॅट-कॉन काढायचा विचारही करू नका. तो आवाजही कमी करतो, आणि तो काढला की गाडीमागे उभं राहवत नाही.

नळी अडीच इंचाची पुरते. दीड-पावणेदोनशे हॉर्सपॉवरपर्यंत तीन इंच म्हणजे फक्त वजन, आवाज आणि गतिरोधकावर घासणं. स्टेनलेस ३०४ आणि आर्गन वेल्डिंग मागा. रोज पाच-सात किलोमीटरच गाडी फिरत असेल तर सायलेन्सर पुरता तापत नाही, आत पाणी साठतं आणि साधं लोखंड आतून खाल्लं जातं. कोकणात राहणाऱ्यांना हे सांगायला नको. रिमॅपमध्ये पॉप-बँग (पाय काढला की धुराच्या नळीत फुटणारे फटाके) ठेवली असेल तर आरपारमधलं भरण लवकर उडून आवाज वाढत जातो. ती काढून टाका, किंवा बॅफलवर समाधान माना.

तर मला विचाराल तर लांब डब्याचा आरपार, मधे रेझोनेटर आणि जे-पाइप. ज्याला चालवून पाहणं, कापणं, पुन्हा लावणं याचा कंटाळा आहे, त्याला बॅफल जास्त सुखात ठेवेल असं वाटतं. काहीही घेतलं तरी मागचा जोड वेल्डऐवजी फ्लँजचा (नटबोल्टने उघडता येणारा) करून घ्या आणि कंपनीचा सायलेन्सर भंगारात देऊ नका. गाडी विकताना गिऱ्हाईक तोच मागतं.