बूस्ट इंटरप्रोसेस: विंडोजचा लॉकिंग कोड लिनक्सवर नेताना कितपत उपयोगी?

बूस्ट इंटरप्रोसेस ही सी प्लस प्लसमधली लायब्ररी वेगवेगळ्या प्रोसेसना (चालू प्रोग्रॅमना) मेमरी आणि लॉक वाटून वापरू देते. ती मुख्यतः हेडर फाइलींचीच, म्हणजे कोडमध्ये थेट जोडायच्या फाइलींची, आहे. दोन्ही सिस्टिमवर क्लास तेच, त्यामुळे तोच कोड दोन्हीकडे कंपाइल होतो. खरी परीक्षा प्रोसेस क्रॅश झाल्यावर होते.

म्यूटेक्स म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारा लॉक. विंडोजच्या नेटिव्ह म्यूटेक्सचा मालक लॉक धरून मेला, तर थांबलेल्या थ्रेडला (प्रोसेसमधल्या कामाच्या धाग्याला) ‘वेट अबॅन्डन्ड’, म्हणजे मालक गेल्याचा इशारा, मिळतो. लिनक्सवर बूस्टच्या नेम्ड म्यूटेक्सखाली (प्रोसेस नावाने शोधतात त्या म्यूटेक्सखाली) पॉसिक्स या युनिक्स-प्रमाणातला नेम्ड सेमाफोर (मोजणीवर चालणारा लॉक) असतो. सेमाफोरला मालकच नसतो, म्हणून लॉक तसाच अडकतो आणि बाकीच्या प्रोसेस ताटकळत राहतात. लॉकचं नावही सिस्टिममधून आपोआप जात नाही. ‘रिमूव्ह’ केलं नाही तर रीबूटपर्यंत टिकतं. काही जण यावर तोडगा म्हणून प्रोग्रॅम सुरू होताच रिमूव्ह करतात. हे धोक्याचं आहे. दुसरी प्रोसेस जुना लॉक धरून असेल, तर एकाच नावाचे दोन वेगळे लॉक होतात आणि दोघीही एकाच वेळी डेटा बदलतात.

क्रॅशनंतर सावरणं गरजेचं असेल, तर लिनक्सवर सरळ शेअर्ड मेमरीत (प्रोसेसनी वाटून घेतलेल्या मेमरीत) पीथ्रेड म्यूटेक्स, म्हणजे पॉसिक्सच्या थ्रेड लायब्ररीतला म्यूटेक्स, ठेवावा, ‘प्रोसेस शेअर्ड’ (अनेक प्रोसेससाठी) आणि ‘रोबस्ट’ (मालक मेला तरी सावरणारा) या दोन्ही सेटिंगसह. ‘ई-ओनर-डेड’ (मालक मेल्याचा एरर कोड) आलं की आधी डेटा दुरुस्त करायचा, मग म्यूटेक्स ‘कन्सिस्टंट’ करायचा; तसं न करता अनलॉक केलं तर तो म्यूटेक्स कायमचा निकामी होतो. मॅकओएसवर रोबस्ट म्यूटेक्स नाही. तिथे बूस्टचा फाइल लॉक बरा, कारण प्रोसेस मेली की कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, तो सोडवतं. मात्र फाइल आधीपासून असावी लागते, एकाच प्रोसेसच्या थ्रेडमध्ये तो उपयोगाचा नाही, आणि त्या प्रोसेसने तीच फाइल दुसरीकडे उघडून बंद केली तरी लॉक जातो.

टाइमआउटही तपासून घ्या. विंडोजला मिलिसेकंदांचा कालावधी लागतो, बूस्टच्या ‘टाइम्ड लॉक’ला यूटीसीमधली (जागतिक प्रमाणवेळेतली) अंतिम वेळ. तिथे स्थानिक वेळ दिली आणि ती यूटीसीच्या पुढे असली, तर 500 मिलिसेकंदांऐवजी काही तास थांबावं लागतं.

विंडोजचा म्यूटेक्स रिकर्सिव्ह असतो, म्हणजे मालक तो पुन्हा घेऊ शकतो; बूस्टचा नेम्ड म्यूटेक्स तसा नसतो. त्यासाठी नेम्ड रिकर्सिव्ह म्यूटेक्स वापरा. विंडोजचे इव्हेंट (थांबलेल्या थ्रेडला जागं करणारे इशारे) तर बूस्टमध्ये नाहीतच: शेअर्ड मेमरीतला बूलियन (हो/नाही मूल्य), म्यूटेक्स आणि कंडिशन व्हेरिएबल (अट बदलल्याचा इशारा देणारी वस्तू) यांतून ते बांधावे लागतात, आणि ‘वेट’ नेहमी लूपमध्येच हवं. विंडोजसारखं एकाच वेळी अनेक ऑब्जेक्टवर (लॉक, इव्हेंट वगैरेंवर) थांबण्याला मात्र बूस्टमध्ये पर्याय नाही. कोड त्यावर उभा असेल, तर ही लायब्ररी घेण्याआधी तेवढा भाग नव्याने आखावा.