टाउनशिप पोलिसांचा फुकट वर्ग : बळाच्या वापराच्या संध्याकाळबद्दल

मी सातारा जिल्ह्यातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो, आता न्यू जर्सीत लेकीकडे राहतो. इथले बरेच पोलीस विभाग रहिवाशांसाठी संध्याकाळचा मोफत वर्ग घेतात, 'सिटिझन्स पोलीस अकॅडमी' म्हणतात त्याला. श्वानपथक, बोटांचे ठसे वगैरे छान दाखवतात, त्यावर काही लिहीत नाही. मला बोलायचंय ते एकाच संध्याकाळबद्दल : पोलिसानं हुकूम दिला आणि समोरच्यानं ऐकलं नाही, तर पुढे काय?

शिकवणारा सार्जंट जाणता माणूस. टेझर (तारेला जोडलेले दोन काटे उडवून विजेचा झटका देणारं हत्यार) हातात धरून त्यानं सरळ सांगितलं की दोन्ही काटे नीट लागले तरच उपयोग, जानेवारीतल्या जाड जॅकेटवर बार फुकट जाऊ शकतो. बळ वापरलं की अहवाल भरायचा आणि तो राज्याच्या पोर्टलवर चढवायचा, हेही दाखवलं. आमच्या वेळी काठी किती चालली याचा हिशेब कोण ठेवत होतं?

मग सिम्युलेटर. पडद्यावर माणूस, आपल्या हातात खोटं पिस्तूल. लोक याच्यासाठीच येतात, रांग लागते. मला तो फारसा पटला नाही. मी 'हात वर' ओरडलो, मग मुद्दाम मराठीत 'थांब रे बाबा' म्हणून पाहिलं. पडद्यावरच्याला दोन्ही सारखंच. तो ऐकणार की चाकू काढणार हे मागे बसलेला शिपाई बटणावर ठरवतो. आणि खेळ सुरू होतो तोच शेवटच्या काही सेकंदांपासून. पोलीस इतका जवळ गेला कशाला, हा प्रश्न तिथे येतच नाही. टेक्सासमध्ये टोल थकलेल्या गाडीच्या दारावर अधिकारी चढला आणि त्यानं चालकाला गोळी घातली. त्याच प्रकरणात २०२५ साली सुप्रीम कोर्टानं एकमतानं सांगितलं की फक्त धोक्याचा तो क्षण बघून भागणार नाही, आधीचं सगळं बघा. यंत्र अजून त्या निकालापर्यंत पोचलेलं नाही.

'ग्रॅहॅम विरुद्ध कॉनर', सुप्रीम कोर्टाचाच १९८९ चा निकाल. इथला प्रत्येक पोलीस हे नाव घेतो. गुन्हा किती गंभीर, धोका किती जवळ, माणूस झटापट करतोय की पळतोय, हे बघून बळ वाजवी होतं की नाही ते ठरवायचं. सार्जंटनं तीनही मुद्दे फळ्यावर लिहिले, पण ग्रॅहॅम कोण ते सांगितलं नाही. तो मधुमेही होता. साखर उतरली म्हणून संत्र्याचा रस घ्यायला दुकानात शिरला, रांग बघून घाईनं बाहेर पडला, तेवढ्यावरून संशय आला. पोलिसांना वाटलं प्यायलाय. बेड्या घातल्या, पाय मोडला, मित्रानं आणलेला रसही देऊ दिला नाही. दुकानात काहीच घडलं नव्हतं.

म्हणून मी हात वर केला आणि अलाबामातल्या मॅडिसनची गोष्ट काढली. २०१५ साली नातवाला सांभाळायला आलेले ५७ वर्षांचे गुजराती आजोबा फुटपाथवर फिरत होते. 'नो इंग्लिश' म्हणाले. अधिकाऱ्यानं त्यांना जमिनीवर आपटलं, अंग अर्धवट लुळं पडलं. अधिकाऱ्यावर खटला चालला, दोनदा ज्युरीचं एकमत झालं नाही, शेवटी न्यायाधीशांनीच त्याला निर्दोष सोडलं. वर्गात आम्ही देशी म्हातारे तिघेचौघे होतो, सगळे ताठ बसले.

सार्जंटनं टाळलं नाही. न्यू जर्सीच्या धोरणातलं वाक्यच वाचून दाखवलं : माणूस मुद्दाम ऐकत नाही की त्याला ऐकणं जमत नाही, हे वेळ असेल तर तपासा, आजार, मानसिक अवस्था, भाषा. 'आणि वेळ नसेल तर?' मी. 'मग मागे सरा, आडोसा घ्या, वेळ मिळतो,' तो म्हणाला. अख्ख्या संध्याकाळचं हे सगळ्यात मोलाचं बोलणं, आणि त्याला मिळाली जेमतेम दहा मिनिटं. आमच्याकडे भारतात जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ४६वं कलम (आता नव्या संहितेत ४३वं) घोकून घेत. विरोध केला तर लागेल ते साधन वापरा, पण फाशी वा जन्मठेपेचा आरोप नसेल तर जीव घेण्याचा हक्क नाही. मागे सरायला मात्र कोणी शिकवलं नव्हतं.

पाचपैकी साडेतीन. सिम्युलेटर अर्ध्यावर आणला आणि ग्रॅहॅमची गोष्ट सांगितली तर साडेचार देईन. कॉफी पांचट. पार्श्वभूमी तपासतात, तेव्हा अर्ज लवकर भरा. आणि गावाकडून आईबाबा आलेले असतील तर या एका संध्याकाळी पाहुणे चालतात का, ते विचारून ठेवा.