“रीसेटची सोय आहे,” म्हणाला, आणि मी पैसे भरले

टाइमकीपिंग एंड्युरोसाठी, म्हणजे ठरलेल्या वेळा पाळायच्या मोटरसायकल शर्यतीसाठी, हँडलबारवर बसवायचा जुना कॉम्प्युटर विकत घेणार असाल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. मला ज्याने फसवलं त्याने तसंच दुसरं मीटर परवा विकायला काढलं. व्हिडिओ तोच लावलाय, जो मला दाखवला होता. म्हणून हे लिहायला बसलो.

नव्याने या खेळात आलेल्यांसाठी आधी थोडं सांगतो, कारण फसवणूक नेमकी इथेच दडलेली आहे. मी अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनच्या नियमांची जुन्या पद्धतीची एंड्युरो धावतो. तिच्यात सगळ्यांत जोरात जाणारा जिंकतोच असं नाही. प्रत्येक टप्प्याला सरासरी वेग ठरवून दिलेला असतो, आणि जंगलात कुठेतरी लपवलेल्या चेकपॉइंटवर तुम्ही तुमच्या मिनिटालाच पोचायचं असतं. उशीर झाला तर मिनिटाला एक गुण जातो. लवकर पोचलात तर पहिल्या मिनिटाचे दोन आणि पुढच्या प्रत्येक मिनिटाचे पाच जातात. म्हणजे घाई ही उशिरापेक्षा कितीतरी महाग पडते. ताशी २४ मैल वेग दिला असेल तर मैलाला अडीच मिनिटं, मिनिटाला ०.४ मैल. हा हिशेब दगडधोंड्यांतून आणि चिखलातून जाताना डोक्यात चालत नाही. पूर्वी लोक वेळापत्रकाच्या कागदाची गुंडाळी, अंतर मोजणारं ओडोमीटर आणि घड्याळ यांवर भागवत, काही जण अजूनही भागवतात. कॉम्प्युटर हेच काम करतो: रूटशीट, म्हणजे कुठल्या मैलाला कोणता वेग हे लिहिलेला कागद, आधी त्यात भरायची, आणि मग तो सतत एकच आकडा दाखवतो, या क्षणी तुम्ही किती सेकंद पुढे आहात किंवा मागे.

हा आकडा नसेल तर ते टाइमकीपिंगचं यंत्र नाही. वेग, अंतर, सरासरी, घड्याळ, तापमान, बाकी काहीही असो.

मला हे तेव्हा इतकं स्वच्छ माहीत नव्हतं. विकणारा वयाने मोठा, बोलण्यात नम्र, बरीच वर्षं एंड्युरो धावलेला. निदान बोलण्यावरून तरी तसं वाटत होतं, कारण रीसेट, रो, की टाइम हे या खेळातले शब्द त्याच्या तोंडात सहज येत होते. किंमत नव्याच्या जवळपास निम्मी. व्हिडिओत पडद्यावर अधिकचं चिन्ह आणि शेजारी सेकंद पळताना दिसत होते. मी विचारलं, “यात रीसेट करता येतं ना?” तो म्हणाला, “रीसेटची सोय आहे. बटण वरच आहे.” मी पैसे भरले, आणि तेही ओळखीच्या माणसाला पाठवतात तसे, ज्यात खरेदीचं कुठलंही संरक्षण मिळत नाही. त्यानेच तसं सुचवलं होतं.

पार्सल आलं. मीटर चकचकीत, चुंबक आणि सेन्सरची वायर सोबत. पण अधिक-उण्याचा तो आकडा कुठल्याच पडद्यावर सापडेना. फोन केला. तो शांतपणे म्हणाला, “अहो, रूट भरल्याशिवाय तो आकडा येत नाही. आणि रूटशीट तर शर्यतीच्या सकाळीच मिळते.” दोन्ही वाक्यं खरी होती. खऱ्या कॉम्प्युटरमध्येही रूट भरल्यावरच तो आकडा चालू होतो, आणि माझ्या शर्यतींत शीट सकाळीच हातात पडते. म्हणूनच मी गप्प बसलो. त्याने दिलेली परतीची मुदत सात दिवसांची होती आणि शर्यत तीन आठवड्यांनी.

त्याचं प्रत्येक खोटं असंच एखाद्या खऱ्या गोष्टीला टेकून उभं होतं. एंड्युरोचं ज्ञान नसलेल्या माणसाला हे जमलं नसतं, आणि याचाच मला सगळ्यांत जास्त राग आहे.

त्या तीन आठवड्यांत मी मीटरवर मेहनत घेतली. ८०/१००-२१ च्या पुढच्या टायरचा घेर कागदावर २.१८ मीटरच्या आसपास येतो. तो आकडा मीटरमध्ये भरून मोजलेल्या अंतरावर गाडी चालवली, पुन्हा दुरुस्त केला. हे करावंच लागतं. अंतरात एक टक्का चूक राहिली तर दहा मैलांत ०.१ मैलाचा फरक पडतो, आणि २४ च्या वेगाला तेवढ्यात १५ सेकंद जातात. मीटर अंतर अगदी बरोबर मोजत होतं. त्यामुळे माझा विश्वास उलट वाढला.

शर्यतीच्या सकाळी नोंदणीच्या टेबलावर ठेवलेल्या अधिकृत घड्याळाशी माझं घड्याळ जुळवलं. की टाइम (शर्यतीचं घड्याळ जिथून मोजतात ती वेळ) नऊचा, माझी रो (एकाच मिनिटाला सुटणाऱ्यांचा गट) ३२, म्हणजे सुटायचं ९ वाजून ३२ मिनिटांनी. शीट घेऊन मीटरपाशी बसलो. भरायला जागाच नाही. सगळे मेनू तीनतीनदा पालथे घातले. फोन लावला, उचलला नाही. थोड्या वेळाने मेसेज आला: “सरासरीच्या पडद्यावर २४ ठेवा. तेच टाइमकीपिंग.” पंधरा मिनिटं उरली होती. मी तसंच करायचं ठरवलं.

चौथ्या-पाचव्या मैलाला एक आडवा ओंडका होता आणि त्याच्यासमोर गाड्यांची रांग. तिथे ४० सेकंद उभा होतो. पडद्यावर सरासरी २४.० होती ती २४.० च राहिली. अशी बरीच मीटर चाक फिरत असतानाचाच वेळ धरतात, थांबलेला वेळ सोडून देतात. शर्यतीचं घड्याळ मात्र थांबत नाही. म्हणजे मी ४० सेकंद मागे पडलो होतो आणि मीटर मला वेळेवर आहेस म्हणून सांगत होतं.

मग १०.२ मैल आला. शीटवर लिहिलं होतं, १०.२ ला रीसेट, १२.० करा. माझ्या रोमधले इतर तिघे बाजूला थांबले. इंजिनं बंद केली. एकाने हातमोजे काढून पाणी प्यायला सुरुवात केली. मला वाटलं, दमले असतील. मी मीटरवरचं रीसेटचं बटण दाबलं. अंतर ०.०० झालं आणि सोबत सरासरीही पुसली गेली. तो ज्या “रीसेटच्या सोयी”बद्दल बोलत होता ती ही.

शर्यतीतलं रीसेट वेगळंच असतं. तिथे अंतर शून्य होत नाही, ते पुढे उडी मारतं. १०.२ च्या जागी १२.० धरायचं, म्हणजे न चालवलेले १.८ मैल फुकट मिळतात, आणि २४ च्या वेगाला त्यांची किंमत साडेचार मिनिटं. मागे पडलेल्याने त्यात उशीर भरून काढायचा. वेळेवर असलेल्याने उभं राहायचं. मला तिथे जवळजवळ चार मिनिटं थांबायला हवं होतं. मी सुसाट पुढे गेलो.

चेक १२.८ ला होता, म्हणजे जमिनीवर जेमतेम ०.८ मैल पुढे. वळण घेतलं आणि समोर टेबल, दोन माणसं, आणि खुंटीवर टांगलेले मिनिटांचे आकडे. तिथे त्या क्षणी ज्या रोने पोचायला हवं तिचा आकडा लावलेला असतो. मला ३२ दिसायला हवे होते. पुठ्ठ्यावर काळ्या रंगात २८ होते. चेकच्या हद्दीत शिरल्यावर मागे फिरता येत नाही, मधे रेंगाळताही येत नाही. चार मिनिटं लवकर: दोन अधिक पंधरा, एकूण १७ गुण एका झटक्यात. टेबलावरच्या बाईंनी माझ्या कार्डावर लिहिलं आणि काही न बोलता परत दिलं. हेच चार मिनिटं उशिरा आलो असतो तर चारच गेले असते.

पेट्रोलच्या थांब्यावर त्या पाणी पिणाऱ्या रायडरने माझं मीटर पाहिलं आणि म्हणाला, “हे तर नुसतं ओडोमीटर आहे.” त्याच्या हँडलबारवर आयसीओ कंपनीचा चेकमेट हा टाइमकीपिंग कॉम्प्युटर होता. मी त्याच्या पडद्याकडे पाहिलं. आम्ही उभे होतो आणि त्याचा सेकंदांचा आकडा एकेकाने सरकत होता.

घरी येऊन व्हिडिओ पुन्हा पाहिला. त्यातल्या यंत्राची बटणं आणि माझ्याकडच्या मीटरची बटणं वेगळ्या ठिकाणी होती. वायरही दुसऱ्या बाजूने निघत होती. पहिल्याच दिवशी दोन्ही शेजारी ठेवून पाहिली असती तर दिसलं असतं. विकणाऱ्याला लिहिलं तर उत्तर आलं, “मी एंड्युरो कॉम्प्युटर म्हटलं होतं. टाइमकीपिंग कधी म्हटलं?” जाहिरात तोवर काढून टाकलेली. माझ्याकडे तिचा स्क्रीनशॉट नव्हता आणि त्याची आश्वासनं सगळी फोनवरची. पैसे मिळाले नाहीत.

रूटशीट सकाळीच मिळते ही सबब कोणी सांगितली तर ऐकू नका. चार ओळींची खोटी शीट आपल्याला कधीही बनवता येते. शून्यापासून २४, दोन मैलांना रीसेट करून तीन, तिथून पुढे १८. विकणाऱ्याला ती तुमच्यासमोर किंवा चालू व्हिडिओ कॉलवर भरायला लावा. वेग बदलण्याची, रीसेटची आणि शीटवर दिलेल्या मोकळ्या वेळेची (थांब्यांच्या वेळेची) नोंद कुठे होते ते विचारा, “सोय आहे का” असं विचारू नका. चालत्या गाडीवर अंतर शतांशाने मागेपुढे करता येतं का आणि त्याचं बटण मुठीजवळ बसतं का, हेही पाहा, कारण वाटेतल्या मैलांच्या पाट्यांशी अंतर जुळवत राहावं लागतं. आणि जाहिरातीचे फोटो काढून ठेवा, बोलणं लेखी ठेवा.

अर्थात, तुमच्या शर्यती रीस्टार्ट पद्धतीच्या असतील (प्रत्येक टप्पा नव्याने सुरू होतो आणि फक्त त्यातला वेळ मोजतात), किंवा ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या वेळेला हजेरी लावायची आणि खास टप्प्यांत सेकंद मोजायचे अशा असतील, तर हे यंत्र घ्यायचंच कारण नाही. साधं घड्याळ पुरतं. मला हेही कोणी सांगितलं नव्हतं.

दुसरा कॉम्प्युटर घेतला तो शर्यतीतल्याच एकाकडून, त्याच्या गॅरेजमध्ये उभं राहून. माझी चार ओळींची शीट त्याने न कुरकुरता भरली. पुढचं चाक स्टँडवर उचललेलं, पूर्ण स्थिर. घड्याळ सुरू केलं आणि आम्ही दोघं पाहत राहिलो. पडद्यावर उशीर एकेक सेकंदाने वाढत गेला. मनगटावर दोन मिनिटं झाली तेव्हा तिथेही बरोबर दोन मिनिटं होती. मग त्याने चाक हाताने फिरवलं आणि आकडा परत खाली यायला लागला. तेव्हा पैसे दिले.