गव्हाला मज्जाव असलेली गिरणी

ज्वारी, नाचणी, तांदूळ ही धान्ये मुळात ग्लुटेनमुक्त, म्हणजे गव्हातले ग्लुटेन हे प्रथिन नसलेली असली, तरी नेहमीच्या गिरणीत आधीच्या दळणातला गहू जात्यात उरतो आणि सीलिॲक (ग्लुटेनने आतड्याला इजा होणारा आजार) असलेल्या आमच्या चार वर्षांच्या मुलीला तेवढाही चालत नाही. पुण्यातील या छोट्या गिरणीत गव्हाला प्रवेशच नाही. पाकिटावर एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मर्यादेनुसार किलोमागे 20 मिलिग्रॅमपर्यंतच ग्लुटेन असल्याचा तपासणी अहवाल तारखेसह छापलेला असतो. ज्वारीचे पीठ ताजे असल्याने भाकरी थापताना कडा चिरत नाहीत, तव्यावर ती टम्म फुगते आणि मुलगी पापुद्रा सोलून आधी तोच खाते. दर चढा आहे, तक्रार नाही. इथले मेतकूट मात्र आम्ही टाळले, कारण त्यातील हिंग बांधणीचा, म्हणजे पीठ व डिंक मिसळून केलेला आहे आणि अशा हिंगात बहुधा मैदा असतो. पाकिटावर त्याचा खुलासा हवा होता.